मी म्हणाले, हिंदी येत नाही

आम्ही ज्या गल्लीत राहत होतो तिथले लोक आम्हाला सेट म्हणायचे. उत्तरेकडून आलेला, तमिळ न येणारा माणूस म्हणजे सेट, म्हणजे सावकार, अशी तिथली समजूत. माझे वडील मद्रासच्या एग्मोर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कंत्राटी हमाल होते. पाठीवर पोतं घेऊन निघालेल्या माणसाला "ओ सेट, बाजूला व्हा" अशी हाक यायची आणि ते बाजूला व्हायचे. सोलापूरकडच्या गावातून दुष्काळात निघाले, गाडीत बसले, गाडी जिथे संपली तिथे उतरले, एवढाच आमचा इतिहास. स्टेशनच्या मागे एक खोली, आठ बिऱ्हाडांत मिळून एक नळ. बँकेत आणि रेल्वेत बदलीवर आलेल्या मराठी सड्या लोकांना आई पोळीभाजीचे डबे करून द्यायची. मी बारावीला पहिल्या वर्गात पास झाले तेव्हा वडिलांनी तो कागद पार्सल ऑफिसातल्या बाबूकडून वाचून घेतला, दोनदा. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी अभिमानाने लिहिते. पण मी कशाच्या जोरावर गेले ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान भाऊ. कागदावर दत्तात्रय, घरात दगडू. आमच्या दोघांच्या मध्ये दोन मुलगे होऊन गेले होते, म्हणून तिसऱ्याला आईने दगडू म्हटलं. मरणाला तो उचलून न्यावासा वाटू नये. बारावीनंतर दोन वर्षं मी एका दुकानात काम केलं आणि मग कॉलेजात नाव घातलं, त्यामुळे दगडू बारावी झाला तेव्हा मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. त्याला इंजिनियर व्हायचं होतं आणि तेवढे मार्क त्याला होते. त्याच उन्हाळ्यात वडिलांची पाठ गेली, ते अंथरुणाला लागले. एकाने शिकायचं आणि एकाने कमवायचं, हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही. दगडूच म्हणाला, "आक्का, तू निम्म्यात आहेस. मी अजून सुरूच केलेलं नाही. तू पुरं कर." मी नको म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. मला ती पदवी हवी होती.

त्याने गणवेशाची नोकरी धरली आणि हेलिकॉप्टरच्या इंजिनांचं काम शिकला. पुढे त्याला फ्लाइट इंजिनियर केलं, म्हणजे वैमानिकांबरोबर उडायचं आणि वाटेत यंत्राकडे लक्ष ठेवायचं. फोनवर मला म्हणाला, "बघ आक्का, झालो की नाही इंजिनियर? कॉलेजची पायरी न चढता." मी हसले. तो टोमणा होता की नुसतीच मस्करी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अरुणाचलात अगदी वरच्या अंगाला, जिथे रस्ता जात नाही अशा खोऱ्यांत त्यांचं हेलिकॉप्टर जायचं. जाताना मीठ, तांदूळ, रॉकेल न्यायचं आणि येताना आजारी माणसं खाली आणायची. तोवर वडील गेले होते. मी एग्मोरमधल्याच एका कचेरीत लागले होते, पुढे तिथे माझ्या हाताखाली चार माणसं आली. लग्न मी केलं नाही, त्याची कारणं इथे नकोत.

आई दत्ताची भक्त. दत्त कुठल्याही वेषात दारी येतात अशी तिची खात्री, म्हणून गुरुवारी एका अनोळखी माणसाला जेवू घातल्याशिवाय ती स्वतः घास घ्यायची नाही. गावात हे सोपं होतं. मद्रासमध्ये आमच्या दारात कोण येणार? पण गल्लीनेच ती सोय करून टाकली. हिंदी बोलणारा कुणीही वाट चुकलेला माणूस दिसला की कोपऱ्यावरचा चहावाला त्याला आमच्या घराकडे बोट दाखवायचा. चादरी विकणारे आले, गाडी चुकलेला एक शिपाई आला, एकदा सर्कशीतला एक माणूस आला, त्याने सात भाकऱ्या खाल्ल्या. चहावाला आमच्या खोलीला मराठी पाट्टीची खानावळ म्हणायचा. पाट्टी म्हणजे आजी. मला या सगळ्याची थोडी लाज वाटायची आणि थोडा अभिमानही.

मग एका पावसाळ्याच्या तोंडाशी कचेरीत फोन आला. मागून पत्र आलं. हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि डोंगराला लागलं. तिघांचाही तत्काळ मृत्यू झाला, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. ते मी आईला मराठीत वाचून दाखवलं. मागे राहिलेल्यांना झोप लागावी म्हणून अशा पत्रांत तो शब्द घालत असावेत. मला त्या शब्दामुळे झोप लागली, हे खरं आहे.

पाचव्या दिवशी पेटी आली. उघडू नका, असं बरोबर आलेल्या माणसांनी फार हळुवारपणे सांगितलं. आई पेटीजवळ बसली, लाकडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मी तोंड बघितलं नाही. तोंडात पाणी घातलं नाही. ह्याच्यात कुणाचं पोर आहे त्याला अग्नी द्या, बिचारं लांबून आलंय. पण माझ्या दगडूचं नाव त्याच्यावर घेऊ नका." लोकांना वाटलं, दुःखाने बोलते आहे. ती दुःखाने बोलत नव्हती. तिने दहावा होऊ दिला नाही, तेरावा होऊ दिला नाही, भिंतीवरच्या फोटोला हार घालू दिला नाही. आणि भात सोडला. "दगडू आला की त्याच्याबरोबर खाईन," म्हणाली. अर्धी भाकरी आणि ताक, दिवसातून एकदा. सहा महिन्यांत तिची चोळी दंडावर सैल लोंबायला लागली. डॉक्टर म्हणाले, हिला रोग काही नाही, ही जेवत नाही. मी समजावलं, ओरडले, एकदा ताटही आपटलं. ती शांतपणे म्हणायची, "तू शिकलेली आहेस. कागदावर विश्वास ठेवायला तुला शिकवलंय. मला कुणी शिकवलं नाही."

मी दत्ताचा फोटो देव्हाऱ्यात पालथा घातला. ज्या बाईने आयुष्यभर स्वतः अर्धपोटी राहून तुझ्या नावाने परक्यांना जेवू घातलं, तिचा मुलगा तू असा ढगात नेऊन टाकलास, तर आता माझ्याकडे बघू नकोस. आई सकाळी उठून फोटो सुलटा करायची, कचेरीत जाताना मी तो परत पालथा घालायची. त्यावर आम्ही एकमेकींशी कधी एक शब्द बोललो नाही. चहावाल्याकडेही जाऊन मी सांगून आले, "अण्णा, यापुढे कुणालाही आमच्याकडे पाठवू नका." त्याने मान हलवली.

चौदाव्या महिन्यातली गोष्ट. मंगळवार होता. गुरुवार असता तर लिहायला बरं वाटलं असतं, पण मंगळवार होता. त्या वर्षी शहरात पाणी नव्हतं, नळ कोरडे पडले होते आणि पाण्याची लॉरी दिवसाआड यायची. मी दोन प्लॅस्टिकच्या घागरी भरून रांगेतून बाहेर पडत होते. भांडणात माझा एक नंबर गेला होता, ते डोक्यात होतं. एवढ्यात शेजारची सेल्वी तमिळमध्ये ओरडली, "अक्का, तुमचा हिंदीकारन आला बघा. किती दिवसांनी. ह्याला पाट्टीकडे नेऊ की तूच नेतेस?" आणि ती हसली.

बुटका माणूस, उन्हाने गाल तडकलेले, त्या उकाड्यात अंगात लोकरीचं जाकीट. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. "दीदी, ये कागज पढ़ना है," म्हणाला. मी त्याच्याकडे बघून तमिळमध्ये सांगितलं, "हिंदी तेरियादु." हिंदी येत नाही. आम्ही नवीन असताना हेच वाक्य आम्हाला दुकानादुकानांत ऐकू यायचं आणि वडील हात पुढे करून तसेच उभे राहायचे. ते लोक खरं बोलत होते, त्यांना खरंच येत नव्हती. मला येत होती.

तो माणूस रागावला नाही. त्याने पिशवी दातांत धरली, माझ्या पायाशी ठेवलेल्या दोन्ही भरल्या घागरी उचलल्या आणि आता कुठे, अशा नजरेने माझ्याकडे बघत उभा राहिला. आता ठेव म्हणायचं तरी कुठल्या भाषेत? तमिळ त्याला कळणार नव्हती आणि हिंदी मला येत नव्हती. मी मुकाट्याने पुढे झाले, तो मागून आला. दारात आवाज ऐकून आई आतून आपल्या सोलापुरी हिंदीत म्हणाली, "कौन है? अंदर आओ, बैठो. पानी पियो." त्याने घागरी ठेवल्या, जमिनीवर बसला, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. तांब्या खाली येताना त्याची नजर भिंतीवरच्या दगडूच्या फोटोवर गेली. तो उठून उभा राहिला.

"नमकवाला साब," म्हणाला.

आईने विचारलं, "क्या बोला?"

मग त्याने मोडक्या हिंदीत सांगितलं. तो त्या वरच्या खोऱ्यातला. महिन्यातून एकदा हेलिकॉप्टर यायचं. पोती दारातून खाली टाकता येत होती, पण फाटली तर मीठ चिखलात जायचं, आणि त्यांच्याकडे मीठ दुसरीकडून येत नाही. म्हणून हा साहेब खाली वाकून एकेक पोतं हातात द्यायचा. सगळं गाव त्याला नमकवाला साब म्हणायचं. त्याचं खरं नाव कुणाला माहीत नव्हतं.

माझ्या मनात आलं ते लिहायला लाज वाटते. मला वाटलं, फोटो बघून गोष्ट रचतो आहे, आता काही मागेल. आईच्या मनातही काहीतरी आलं असणार. ती त्याच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "उसका कान देखा था?"

दगडूचा उजवा कान वरच्या बाजूला टोचलेला होता. दोन मुलं गेल्यावर झालेला मुलगा, म्हणून आईने पाच घरी पदर पसरून गुंजगुंज सोनं मागून आणलं होतं आणि त्याची भिकबाळी करून त्याच्या कानात घातली होती. नोकरीत बाळी काढावी लागली, भोक राहिलं. फोटोत तो कान पलीकडे आहे, दिसत नाही.

तो माणूस पहिल्यांदाच हसला. आपला उजवा कान वरून चिमटीत धरून म्हणाला, "इधर छेद था. हमारा बच्चा लोग उसमें घास डालता था. साब डालने देता था. बोलता था, जल्दी करो, इंजन चालू है."

आईने डोळे मिटले. मग म्हणाली, "अब बोलो. सब बोलो."

त्या सकाळी खूप धुकं होतं. आवाज आला आणि मग आवाज थांबला. गावातले आठदहा जण वर निघाले, पोचायला दुपार झाली. वैमानिक दोघे गेलेले होते. नमकवाला साब शेपटीच्या खालच्या झुडपात पडलेला होता आणि जिवंत होता.

"कितनी देर?" मी म्हणाले. "कितनी देर जिंदा था?"

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "दीदी को हिंदी आता है," एवढंच म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "सूरज डूबने तक."

त्याने दगडूला पाठीवर घेतलं, ते लोक ओझं नेतात तसं, कपाळावर पट्टा लावून, आणि एका खडकाखाली आणलं. दगडूने पाणी मागितलं. बांबूच्या नळकांड्यातून याने त्याला पाणी पाजलं, थोडं थोडं, तीनदा. दगडूने वैमानिकांचं विचारलं, तेव्हा हा खोटं बोलला, ते बरे आहेत म्हणाला. नंतर दगडूने विचारलं, मीठ भिजलं का. हा म्हणाला, नाही. तेही खोटं होतं. डोकं याच्या मांडीवर होतं. दगडू गेल्यावर याने त्याचे डोळे मिटवले आणि दुसऱ्या दिवशी खालून माणसं येईपर्यंत जागचा हलला नाही, कारण वर जनावरं असतात.

"पानी तुमने पिलाया?" आईने विचारलं.

"हाँ, माँ."

आईने त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा करून तळवा बघितला आणि कपाळाला लावला. ती मोठ्याने रडली नाही. चौदा महिने जी बाई एकदाही रडली नव्हती, तिच्या डोळ्यांतून पाणी नुसतं वाहत राहिलं आणि ती ते पुसत नव्हती. आपला मुलगा गेला, हे तिने तेव्हा मान्य केलं.

आणि माझं काय झालं तेही सांगते, नाहीतर हा अनुभव अर्धाच सांगितल्यासारखा होईल. ज्या एका शब्दावर मी चौदा महिने झोपत होते तो शब्द माझ्याकडून गेला. अपघाताच्या दिवशी दुपारी मी कचेरीत डबा खाल्ला होता. चार वाजता चहा बरा नाही म्हणून शिपायाला बोलले होते. तेव्हा माझा भाऊ खडकाखाली पाणी पीत होता आणि मिठाची चौकशी करत होता. आईला जे मिळालं ते माझ्याकडून काढून घेऊन मिळालं. ही कृपा आहे असं सगळे म्हणतात, मीही म्हणते, पण ती अशी आहे.

त्याचा कागद मी मग वाचला. त्याच्या आठ वर्षांच्या मुलीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. तिला घेऊन तो आणि त्याची बायको चार दिवस रेल्वेने प्रवास करून चेन्नईला आले होते, स्टेशनजवळच्या लॉजवर उतरले होते. मुलगी इस्पितळात दाखल झाली होती. कागदावर ऑपरेशनची संमती मागितली होती, रक्त देणारी माणसं मागितली होती आणि एका स्थानिक माणसाची सही मागितली होती. तीन दिवस तो हा कागद घेऊन शहरात फिरत होता. मी ओळीओळीचा अर्थ त्याला हिंदीत सांगितला. दुसऱ्या दिवशी रजा काढली आणि स्थानिक माणूस म्हणून माझी सही केली, नावापुढे बी. कॉम. लिहून. रक्त मी दिलं, सेल्वीने आणि तिच्या नवऱ्याने दिलं, चहावाल्याने दिलं. ऑपरेशन नीट झालं. बाराव्या दिवशी ती पोर आमच्या खोलीत बसून आईच्या हातची खीर खात होती आणि फोटोतल्या साहेबाकडे बघून आपल्या भाषेत काहीतरी सांगत होती. कानात गवत घालणाऱ्यांत तीही असणार. मी विचारलं नाही.

चहावाल्याला मात्र मी विचारलं. "अण्णा, मी तुम्हाला सांगितलं होतं ना, कुणाला पाठवू नका म्हणून?" तो ओशाळला. "विसरलो, अक्का. इतक्या वर्षांची सवय. हिंदी ऐकली की हात आपोआप तिकडे जातो." त्या अफाट शहरात तो माणूस कुठल्याही गल्लीत शिरू शकला असता. माझं न ऐकता चहावाल्याचा हात वर झाला, आणि मी खोटं बोलले तरी त्या माणसाने घागरी उचलल्या. याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. मी कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच दिसलं की माझ्या हातात जे जे होतं, पदवी, नोकरी, कागद वाचायची अक्कल, दार बंद करायची ताकद, त्यातलं काहीही माझ्या आईच्या कामी आलं नाही. जे कामी आलं ते माझ्या हाताबाहेरचं होतं.

दत्ताचा फोटो मी आता पालथा घालत नाही. माफ केलं असं म्हणणार नाही. आधी मी त्याच्याकडे पाठ करून रागवायची, आता समोर बसून रागवते. रागावून झालं की डोकं टेकते, कारण नाहीतरी माझं काही चालत नाही, हे मला कळलं आहे. शरण जाणं म्हणजे मन शांत होणं, असं पोथ्यांत असतं. माझ्या बाबतीत तसं झालेलं नाही. मी अशांत मनानेच शरण आहे, आणि त्याने अजून तरी मला हाकललेलं नाही.

तो माणूस आणि त्याचं बिऱ्हाड परत जाण्यापूर्वी आईने विधी ठरवले. तंजावरकडचे एक म्हातारे मराठी गुरुजी होते, त्यांना मी बोलावलं. पिढ्यान् पिढ्या तिकडे राहून त्यांची मराठी जुन्या वळणाची झाली होती. "घरीं पुरुष माणूस कोणी नाहीं कीं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "मी आहे." त्यांनी दर्भ माझ्या पुढ्यात ठेवला. मग म्हणाले, "बरें. बैस तर." पण पहिलं पाणी कुणी सोडायचं यावर आई अडून बसली. ज्याने दगडूला शेवटचं पाणी दिलं त्यानेच आधी सोडायचं. गुरुजींनी त्या माणसाचा हात धरून अंगठ्यावरून पाणी कसं सोडायचं ते दाखवलं. त्याने सोडलं. त्याच्यानंतर मी.

अपघाताला चौदा महिने उलटून गेल्यावर, समुद्रावर, दत्तात्रयचं नाव घेऊन माझ्या भावाचे विधी पुरे झाले. ते मी केले. घरी येऊन आईने भात खाल्ला.